स्मृतीचा जमाखर्च



संगणकाविषयी जाहीर व्याख्यान द्यावयाचे म्हटले की यंत्रांची बुद्धी, तिचे भावी पराक्रम आणि त्यांमुळे माणसाच्या वाट्याला येणारी सुखदुःखे यांविषयी वक्त्याने चार शब्द बोलावेत, अशी अपेक्षा असते. आज मी आपल्यापुढे मांडणार आहे तो विषय याहून पुष्कळ खालच्या मजल्यावरचा आहे. परंतु वरचे सारे मजले ज्या भिंतींवर उभे आहेत त्यांपैकी एक भिंत तो आहे, आणि म्हणूनच त्याविषयी मला मनापासून आस्था वाटते. संगणकाची मुख्य स्मृती, म्हणजे बोलताना आपण जिला रॅम म्हणतो ती, प्रोग्रॅमांच्या निरनिराळ्या गटांत कशी वाटावी, प्रत्येक गटाची हद्द कशी ठरवावी, आणि गट त्या हद्दीशी येऊन ठेपला म्हणजे त्याच्याशी कसे वागावे, हा तो विषय होय. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. हद्दीचा आकडा लिहून ठेवणे हे या कारभारातले सर्वांत सोपे काम आहे. लिनक्स कर्नेलच्या कर्त्यांनी या प्रकरणी गेली अठरा-वीस वर्षे जी मेहनत घेतली, ती स्मृतीचे पान कोणाच्या नावे मांडावयाचे आणि आकडा गाठल्यावर काय करावयाचे, या दोन प्रश्नांपायीच मुख्यत्वेकरून खर्ची पडली आहे.

कर्नेल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली हेलसिंकी येथे विद्यार्थिदशेत आरंभिलेला लिनक्स हा कर्नेल आज जगातील बहुसंख्य सर्व्हरांवर आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनांवर चालतो. एकाच सर्व्हरवर शेकडो प्रक्रिया एकाच वेळी नांदत असतात. त्यांतल्या काही एका कामाच्या, काही दुसऱ्या. काही एका ग्राहकाच्या, काही दुसऱ्याच्या. आणि स्मृती मात्र सर्वांना मिळून एकच. पुण्याच्या जुन्या वाड्यांत अनेक बिऱ्हाडे एकाच हौदावर पाणी भरीत, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की हौदातून उपसलेले पाणी परत येत नाही, आणि प्रोग्रॅमला दिलेली स्मृती मात्र पुष्कळदा त्याच्या नकळत परत घेता येते. या एका फरकामुळे हा सारा कारभार शक्य झाला, आणि अवघडही झाला.

स्मृती परत घेण्याची ही कल्पना जुनी आहे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न यांच्या नेतृत्वाखाली तयार होऊन १९६२ साली कार्यान्वित झालेल्या ॲटलास संगणकात मुख्य स्मृती १६,३८४ शब्दांची होती, तिची प्रत्येकी ५१२ शब्दांची ३२ पाने पाडलेली होती, आणि जे पान तूर्त लागत नाही असे वाटे ते फिरत्या ड्रमवर पाठवून त्याची जागा दुसऱ्याला देण्याची तजवीज यंत्रातच केलेली होती. अनेक प्रोग्रॅम एकदम चालवू लागल्यावर या व्यवस्थेतील एक भयंकर दोष उघडकीस आला: सर्वांची गरज मिळून उपलब्ध स्मृतीहून अधिक झाली की प्रत्येक जण दुसऱ्याचे पान हिसकावतो, हिसकावलेले पान लगेच पुन्हा मागितले जाते, आणि यंत्राचा सारा वेळ पाने आतबाहेर करण्यातच जातो. पीटर डेनिंग यांनी १९६८ साली या रोगाचे निदान केले. कोणत्याही प्रोग्रॅमला एका विवक्षित कालखंडात काही थोड्या पानांचीच वारंवार गरज भासते. हा कार्यसंच जोवर स्मृतीत मावतो तोवर प्रोग्रॅम सुरळीत चालतो, आणि तो मावेनासा झाला की थोडीशी तूटही त्याला जवळजवळ ठप्प करते. पुढे आलेल्या सर्व योजना या निदानाच्या ऋणी आहेत, हे मी मुद्दाम सांगतो. कारण ते विसरून केवळ आकड्यांनी कारभार हाकण्याचा मोह या क्षेत्रात पुन्हा पुन्हा होतो.

युनिक्स परंपरेत हद्द घालण्याचा जो जुना उपाय होता तो एकेका प्रक्रियेपुरता होता. अमुक प्रक्रियेने अमुक इतक्याच पत्त्यांचा विस्तार वापरावा, असे फर्मान काढता येई. परंतु प्रक्रिया आपल्यासारखीच दुसरी प्रक्रिया जन्माला घालू शकते, आणि त्या नव्या प्रक्रियेला तीच मर्यादा पुन्हा स्वतंत्रपणे लागू होते. त्यामुळे एकाला घातलेली हद्द दहांनी मिळून सहज ओलांडावी, असा तो बंदोबस्त होता. शिवाय प्रत्यक्ष व्यापलेल्या स्मृतीवर मर्यादा घालणारी जी तरतूद त्यात आहे ती आजच्या लिनक्समध्ये नावापुरतीच उरली आहे; तिचा अंमल होत नाही. कुटुंबप्रमुखाला जबाबदार धरावयाचे तर खाते कुटुंबाचे हवे, व्यक्तीचे नव्हे, ही जाणीव येथून झाली.

२००६ साली गूगलमधील पॉल मेनेज आणि रोहित सेठ यांनी प्रक्रियांचे गट बांधण्याची सोय कर्नेलमध्ये आणण्याचे काम हाती घेतले. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या २.६.२४ या आवृत्तीत ती कंट्रोल ग्रुप, संक्षेपाने सीग्रुप, या नावाने दाखल झाली. गटाची नुसती चौकट मिळाली, तरी स्मृतीचा हिशेब ठेवणारा कारकून अजून यावयाचा होता. तो एप्रिल २००८ मध्ये, २.६.२५ या आवृत्तीत आला. त्याच्या मूळ फाइलीच्या शिरोभागी दोन कर्त्यांची नावे आजही वाचावयास मिळतात: आयबीएमचे बलबीर सिंग आणि ओपनव्हीझेडचे पावेल एमेल्यानोव. यांतील बलबीर सिंग हे त्या काळी आयबीएमच्या भारतातील शाखेत काम करीत. जगभरच्या सर्व्हरांत आज अहोरात्र चालणाऱ्या या हिशेबाची पहिली खतावणी अंशतः आपल्या देशात लिहिली गेली, याचा मला अभिमान वाटतो.

आता ही नोंद प्रत्यक्ष कशी होते ते जवळून पाहू, कारण सारे मर्म तेथेच आहे. एखाद्या प्रोग्रॅमने शंभर मेगाबाइट स्मृती मागितली तर कर्नेल ती बिनदिक्कत मंजूर करतो. पण ही मंजुरी केवळ कागदावरची असते, पत्त्यांचा एक पट्टा त्याच्या नावे लिहिला जातो, आणि रॅमचे एकही पान त्याला मिळालेले नसते. प्रोग्रॅम त्या पट्ट्यातील एखाद्या पत्त्यावर पहिला बाइट लिहावयास जातो, तेथे पान नाही असे प्रोसेसरच्या ध्यानात येते, तो काम थांबवून कर्नेलला हाक मारतो, आणि तेव्हा कुठे कर्नेल ४,०९६ बाइटांचे एक मोकळे पान काढून हाती घेतो. पान देण्यापूर्वी तो विचारतो की ही प्रक्रिया कोणत्या गटातली. मग त्या गटाच्या खात्यावर एक पान चढवतो. मग त्या गटाचा पालकगट, त्याचा पालक, असे करीत मुळापर्यंत प्रत्येक पायरीवर तीच नोंद करीत जातो, आणि वाटेत एखाद्या पायरीवर कमाल आकडा ओलांडला जातो असे दिसले तर खालच्या पायऱ्यांवर केलेल्या नोंदी उलटवून मागे फिरतो. ही चढउतार दर पानामागे करावयाची म्हटली तर अनेक प्रोसेसर एकाच आकड्याला हात घालण्यासाठी एकमेकांत अडकून बसतील. म्हणून प्रत्येक प्रोसेसरपाशी काही पाने आगाऊच खर्ची टाकून ठेवण्याची युक्ती योजलेली आहे. पूर्वी ही आगाऊ उचल ३२ पानांची असे, अलीकडे ती ६४ पानांची झाली. हिशेब त्यामुळे क्षणोक्षणी पैचा पै जुळत नाही. पण वेगाच्या मोबदल्यात एवढी सैलता योग्यच आहे, असे माझे मत आहे.

हिशेबाला स्वतःलाही जागा लागते. ६४ गिगाबाइटांच्या यंत्रात अशी पाने १,६७,७७,२१६ होतात. प्रत्येकाचा धनी कोण हे लिहून ठेवावयास आठ बाइट धरले तरी १२८ मेगाबाइट केवळ या दप्तरातच जातात. आरंभी तर याहूनही अधिक जाई, कारण प्रत्येक पानासाठी एक स्वतंत्र नोंदपत्र ठेवलेले असे. फेब्रुवारी २०१५ मधील ३.१९ या आवृत्तीत योहानेस वाइनर यांनी ते नोंदपत्र मोडीत काढून धन्याचा निर्देश पानाच्या मूळ नोंदीतच सामावून घेतला, आणि ज्यांना गटांची गरजच नव्हती त्यांची एक जुनी व रास्त तक्रार दूर केली.

परंतु धनी ठरवावयाचा कसा? स्वतःच्या खाजगी स्मृतीबाबत वाद नाही. डिस्कवरील फाइल वाचली असता तिची पाने कर्नेल पुढच्या वापरासाठी स्मृतीत राखून ठेवतो, आणि तेच पान पुढे दहा गटांच्या उपयोगी पडते. एखाद्या समाईक लायब्ररीची पाने सर्वच प्रोग्रॅम वापरतात; त्यांचा बोजा कोणावर? कर्नेलचा नियम असा की ज्याने प्रथम हात लावला त्याच्या नावे पान लागावे, मागाहून येणाऱ्यांनी ते फुकट वापरावे. रात्री बॅकअप घेणाऱ्या गटाने सर्व फाइली वाचून काढल्या तर सकाळी त्याच फाइलींवर काम करणाऱ्या दुसऱ्या गटाचे खाते हलके दिसते, आणि त्याची खरी गरज आकड्यांवरून कळेनाशी होते. न्यायाच्या दृष्टीने हा नियम सदोष आहे. तरीही मी त्याचे समर्थन करीन. कारण बोजा वाटून घ्यावयाचा तर पान वापरणाऱ्या प्रत्येकाची नोंद ठेवावी लागेल, कोणीही आला किंवा गेला की सर्वांचे आकडे बदलतील, आणि एका गटाला आपली हद्द दुसऱ्याच्या जाण्यामुळे ओलांडली गेल्याचे आढळून येईल. जो हिशेब दुसऱ्याच्या वर्तनाने बिघडतो त्याच्या आधारे कोणालाही जबाबदार धरता येत नाही.

आता हद्दीपाशी येऊ. गट कमाल आकड्याशी पोहोचला आणि आणखी एक पान मागू लागला, तर कर्नेल एकदम नकार देत नाही. तो त्याच गटाच्या यादीत वसुलीला लागतो. प्रत्येक गटाची पाने सक्रिय आणि निष्क्रिय अशा याद्यांत लावलेली असतात. निष्क्रिय यादीच्या टोकाचे पान जर फाइलीचे असेल आणि त्यात काही बदल झालेला नसेल तर ते तसेच सोडून देता येते, कारण मूळ प्रत डिस्कवर आहे. बदल झालेला असेल तर आधी लिहून काढावे लागते. आणि खाजगी पान असेल तर ते स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर मुद्दाम राखलेल्या जागेत, पाठवावे लागते. येथे डेनिंग यांचा कार्यसंच पुन्हा भेटतो. काढून टाकलेल्या फाइलपानाच्या जागी कर्नेल एक लहानशी खूण ठेवून देतो. तेच पान लवकरच परत मागितले गेले तर मधल्या काळात किती पाने बाहेर गेली हे त्या खुणेवरून मोजतो, आणि हे अंतर थोडे असेल तर आपण कामाचे पान काढले असे समजून त्याला सक्रिय यादीत बसवतो. वाइनर यांनी २०१४ साली, ३.१५ या आवृत्तीत आणलेली ही तरतूद मला या सर्व रचनेतील अत्यंत सुंदर गोष्ट वाटते. आपला निर्णय चुकला की बरोबर होता हे तपासण्याचा पुरावा निर्णय करतानाच जपून ठेवणारा कारभार विरळा.

वसुलीतूनही काही हाती लागले नाही, असे वारंवार प्रयत्न करूनही झाले, तर मात्र कर्नेल गटातील एखाद्या प्रक्रियेचा वध करतो. ज्या प्रक्रियेने सर्वाधिक स्मृती व्यापली असेल तीच साधारणतः निवडली जाते. तिला पूर्वसूचना मिळत नाही, आवराआवर करावयास वेळ मिळत नाही. संकेत क्रमांक ९ तिच्यावर सोडला जातो आणि ती नाहीशी होते. प्रोग्रॅम अशा गटांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणाऱ्या डॉकर आणि कुबरनेटीस या साधनांच्या छायेत काम करणाऱ्या आपल्या पुण्या-मुंबईतील असंख्य तरुणांना १३७ हा निर्गमनांक चांगला परिचयाचा आहे. १२८ आणि ९ यांची ती बेरीज होय. अशा मृत्यूचे एक कारण दीर्घकाळ सर्वत्र आढळत असे. जावाचे यंत्र आपल्या वापरासाठी किती स्मृती घ्यावी हे ठरविताना संगणकाच्या एकूण स्मृतीचा चतुर्थांश कमाल मानी. ६४ गिगाबाइटांच्या यंत्रावर त्याला १६ गिगाबाइट आपलेच वाटत, आणि ज्या गटात ते बसवलेले असे त्याची हद्द कदाचित ५१२ मेगाबाइटांची असे. घालून दिलेल्या हद्दीची त्याला वार्ताच नसे. सफाई करावी असे वाटण्यापूर्वीच त्याचा अंत होई. २०१८ मधील दहाव्या आवृत्तीपासून जावा गटाची हद्द स्वतः वाचू लागले, आणि हा अनर्थ पुष्कळ कमी झाला. कर्नेलने हद्द घातली हे खरे, परंतु ज्याला घातली त्याला ती समजण्याची व्यवस्था व्हावयास दहा वर्षे लोटली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एकट्या प्रक्रियेला मारल्याने काही वेळा अधिकच घोटाळा होतो. डेटाबेसच्या दहा सहकारी प्रक्रियांपैकी एक नाहीशी झाली तर उरलेल्या नऊ अर्धवट अवस्थेत लोंबकळतात. म्हणून ऑक्टोबर २०१८ मधील ४.१९ या आवृत्तीत, गट हा एक अविभाज्य घटक मानून सर्वांना एकदमच संपवण्याचा पर्याय रोमन गुश्चिन यांनी उपलब्ध करून दिला. हा पर्याय कठोर दिसतो, पण पुन्हा नव्याने आरंभ करणे अर्धमेल्या स्थितीत चालत राहण्यापेक्षा बहुधा हितावह असते.

सीग्रुपच्या पहिल्या आवृत्तीत स्मृतीचे गट एका वृक्षात आणि डिस्कच्या वापराचे गट दुसऱ्या वृक्षात मांडता येत. परिणामी एखाद्या गटाने स्मृतीत बदललेली पाने मागाहून डिस्कवर लिहिली गेली म्हणजे त्या लिहिण्याचा खर्च कोणाच्या नावे टाकावा हे ठरविताच येत नसे. तेजून हो यांच्या पुढाकाराने सर्व नियंत्रणे एकाच वृक्षात आणणारी दुसरी आवृत्ती रचली गेली आणि मार्च २०१६ मध्ये, ४.५ या कर्नेलपासून, ती अधिकृत झाली. तिच्यात स्मृतीसाठी चार आकडे आहेत: मेमरी.मिन, मेमरी.लो, मेमरी.हाय आणि मेमरी.मॅक्स. यांतील पहिले दोन मनाईचे नाहीतच. ते अभयाचे आहेत. गटाचा वापर ‘मिन’च्या आत असेल तर त्याच्या पानांना कोणत्याही परिस्थितीत हात लावावयाचा नाही, मग दुसऱ्या कोणाचा वध करावा लागला तरी चालेल, ‘लो’च्या आत असेल तर अन्यत्र काही मिळत असेतोवर लावावयाचा नाही. ‘मॅक्स’ ही जुनीच कमाल हद्द होय. या चौघांत सर्वांत विचारपूर्वक योजलेला आकडा मला ‘हाय’ वाटतो. तो ओलांडल्याने कोणी मारला जात नाही. ओलांडणाऱ्या प्रक्रियेलाच वसुलीच्या कामाला जुंपले जाते, आणि तेवढ्याने भागले नाही तर आपल्या कामाकडे परतण्यापूर्वी तिला सक्तीने थांबवून ठेवले जाते. हे थांबणे अतिक्रमण वाढेल तसे वाढत जाते आणि एका खेपेस दोन सेकंदांपर्यंत पोहोचते. या अवधीत देखरेख करणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला परिस्थिती पाहून काही इलाज करता यावा, हा या थांबवण्याचा हेतू.

पण देखरेख करणाऱ्याने पाहावयाचे काय? गटाने हद्दीच्या नव्वद टक्के स्मृती व्यापली आहे, एवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. फाइलींची निरुपयोगी पाने साचली असतील, किंवा खरोखरच श्वास कोंडत असेल. डिसेंबर २०१८ मधील ४.२० या आवृत्तीत आलेले दाबमापन या प्रश्नाला उत्तर देते. ते पाने मोजीत नाही, वाया गेलेला वेळ मोजते. गटातील निदान एक प्रक्रिया स्मृतीअभावी खोळंबली असा काळ एका ओळीत, आणि काम करू पाहणाऱ्या सर्वच खोळंबल्या असा काळ दुसऱ्या ओळीत, गेल्या १०, ६० आणि ३०० सेकंदांच्या सरासरीने टक्केवारीत मिळतो. अँड्रॉइडच्या दहाव्या आवृत्तीपासून फोनवरील कोणते ॲप बंद करावे याचा निर्णय करणारी यंत्रणाही याच मापनाचा आधार घेते. फेसबुकने तर ही दिशा उलटी फिरवली: दाब किंचित जाणवू लागेपर्यंत गटाकडून हळूहळू पाने काढून घेत राहावयाचे, आणि दाब वाढला की हात आखडता घ्यावयाचा. अशा रीतीने सर्व्हरमागे २० ते ३२ टक्के स्मृती वाचल्याचे त्यांच्या अभियंत्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात नमूद आहे. गटाची खरी गरज किती, हे कोणी टेबलाशी बसून ठरविले नाही. गटालाच विचारून ते काढून घेतले गेले.

एका प्रश्नाचा निकाल मात्र इतका सुखद नाही, आणि तो सांगितल्यावाचून मला थांबता येत नाही. गट मोडला, त्यातील सर्व प्रक्रिया संपल्या, त्याची निर्देशिका पुसली गेली, तरी त्याच्या नावे लागलेली फाइलींची पाने स्मृतीत तशीच राहतात, आणि शेवटचे पान निघून जाईपर्यंत गटाचे खाते बंद करता येत नाही. ज्या यंत्रांवर कंटेनर मिनिटागणिक जन्मतात व मरतात तेथे अशी हजारो मृत खाती साचतात, आणि वसुली करताना कर्नेलला ती सारी चाळत बसावे लागते. एकेकाळी तर ही मृत खाती क्रमांकही अडवून बसत. क्रमांकांची संख्या ६५,५३५ पर्यंतच असल्यामुळे जिवंत गट मूठभर असूनही नवा गट स्थापण्यास नकार मिळे. २०१६ साली क्रमांकाचे आयुष्य खात्याच्या आयुष्यापासून तोडून ही अडचण निवारण्यात आली. कर्नेलने गटासाठी वापरलेल्या लहानसहान अंतर्गत वस्तूंचा वारसा पालकगटाकडे जावा, अशी सोय २०१९ मधील ५.३ या आवृत्तीपासून आहे. फाइलींच्या पानांचा वारसा लावून देणे पुष्कळ अवघड, कारण पान वापरात असतानाच त्याचा धनी आणि त्याची यादी दोन्ही बदलावी लागतात. त्यावरील प्रस्तावांवर अनेक वर्षे खल होत राहिला. ज्या कर्नेलवर फाइलींच्या पानांना असा वारसा लागत नाही, तेथे यंत्रे सांभाळणाऱ्याने सीग्रुप.स्टॅट या फाइलीत मृत वंशजांचा आकडा अधूनमधून पाहावा, आणि तो चढत असेल तर २०२२ मधील ५.१९ पासून मिळालेल्या मेमरी.रिक्लेम या फाइलीत, पालकगटाच्या पातळीवर, हवी तेवढी रक्कम लिहावी. वसुली मृतांच्या यादीतूनही होते, आणि शेवटचे पान गेले की ते खाते आपोआप बंद होते.